रुमालाखालची वेणी

तुरलाइव दारात बूट काढत उभा होता तो उभाच होता. सेहेचाळीस वर्षांचा बाप्या, पण आईच्या घरी आला की नाड्या सोडायला त्याला पाच मिनिटं लागत. तेवढ्यात घरातली हवा कशी आहे ते हुंगून घ्यायचं, ही त्याची जुनी खोड. त्याची बहीण योरुन स्वयंपाकघरात साच्यात वाफल भाजत होती आणि पाठ न वळवताही तिला त्याचं ते हुंगणं कळत होतं.

"आई कुठाय?" त्याने विचारलं.

"शिवणघरात. एप्रनला दोरा लावतेय. दिसत नाही, तरी लावतेय."

"म्हणजे तू मागून उसवून परत लावणार."

"लावते की. गेली तीन वर्षं लावतेच आहे."

तो खुर्चीत बसला आणि त्याने वाफलवर तपकिरी चीजचे दोन जाड काप ठेवले. आज काय ठरायचं आहे ते दोघांनाही ठाऊक होतं. ईस्टर सरल्यावर आई म्हणाली होती, पुढच्या रविवारी दोघंही या, शिवणघराचं काय करायचं ते सांगून टाकते. खोऱ्यातला बुनाद, म्हणजे आज्या-पणज्यांपासून चालत आलेला सणाचा पोशाख, गेली नव्वद वर्षं स्काइदेंच्या, म्हणजे ह्यांच्याच घरात शिवला जात होता. आता आईच्या डोळ्यांना टाका दिसेना. तुरलाइवला हे नाव एका मोठ्या कंपनीला विकायचं होतं. ती कंपनी भरतकाम परदेशातून मशीनवर करून आणते आणि वर इथलं लेबल लावते. योरुनला शिवणघर स्वतःकडे हवं होतं. तिच्याजवळ दुसरं होतं तरी काय? नवरा नाही, मूल नाही. बावीस वर्षं सुई धरून बोटांच्या टोकांना घट्टे पडलेले, एवढीच कमाई.

"खरं सांगू का," तुरलाइव खाता खाता म्हणाला, "मला वाटायचं की तुझं ते इंटरनेटचं खूळ चार दिवसांत उतरेल. पण त्या जाहिरातीने कमाल केली. कंपनीतल्या बाईंनी स्वतः फोन केला मला. म्हणाल्या, नावाबरोबर तो चेहराही द्या. कोण मॉडेल आहे ती?"

योरुनने वाफलचा साचा मिटला. "मॉडेल नाही. यंत्राने काढलेलं चित्र आहे. आपल्या घरचे जुने फोटो त्याला दाखवले, आणि म्हटलं की ह्या घराण्यातली वाटेल अशी बाई काढ."

"फुकटात?"

"जवळजवळ."

"मग तू इतकी वर्षं सुईशी का झगडत बसलीस?" तो हसला. "मी ते नीट बघितलंही नाही अजून. फोनवर एवढंसं दिसलं. खिडकीपाशी कोणीतरी उभी आहे, लग्नाचा पांढरा रुमाल बांधलेली, बस्स."

तो नीट बघणार नाही, अशी योरुनची आशा होती. कोणीच नीट बघू नये अशी आशा होती. सहा आठवडे ती खरी ठरली होती. ते चित्र खोऱ्याबाहेरही हजारो लोकांनी पुढे पाठवलं होतं, आणि पुढच्या वर्षाच्या वसंतापर्यंत शिवता येणार नाहीत इतक्या मागण्या आल्या होत्या. आज ती तेच आईपुढे ठेवणार होती. हे बघ, विकायची गरज नाही, मी चालवू शकते.

दार वाजलं आणि उत्तराची वाट न बघता गुन्वोरआत्या आत आली. बाबांची ही धाकटी बहीण अडुसष्ट वर्षांची होती आणि बुनाद समितीची अध्यक्ष होती. खोऱ्यातल्या पोरीबाळी तिला पाठीमागे बुनाद-पोलीस म्हणत. राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीत एखादीने चुकीच्या रंगाचे मोजे घातले, तर आत्या तिला रस्त्यातच बाजूला घेई. तिने अंगातला कोटही काढला नाही, थेट योरुनच्या नाकासमोर फोन धरला.

"हे तुझंच ना?"

"हो, आत्या. बस तरी. कॉफी घे."

"कॉफी गेली खड्ड्यात. आज चर्चमधून बाहेर पडताना मला चौघींनी अडवलं. म्हणे, स्काइदेंच्या घरी आता नवीन पद्धत निघाली का? हे बघ. डोक्यावर लग्नाचा रुमाल, आणि रुमालाखालून खांद्यावर वेणी. वेणीला लाल फीत. अगं, लाल फितीची वेणी कुमारिकेची. रुमाल सवाष्णीचा. ही बाई लग्नाची आहे का बिनलग्नाची? एक काय ते ठरवा."

योरुनचे हात पिठातच राहिले. चित्राकडे तिने शंभरदा तरी पाहिलं असेल. वेणी तिला दिसली नव्हती. बाराव्या वर्षापासून ज्या बाईने रुमालाच्या चुण्या घातल्या, शेजारच्या खोऱ्यातली बाई दुरून चालत आली तरी एप्रनच्या काठावरून जिने ओळखावी, तिला ही एवढी ढळढळीत चूक दिसली नाही. कारण ती वेणीकडे बघतच नव्हती.

"यंत्राची चूक आहे," ती म्हणाली. "सुधारते."

"यंत्राला काय कळतंय? पण तुला कळायला नको? तुझ्या आजीने बघितलं असतं तर—"

"जाऊ दे की आत्या," तुरलाइव मधे पडला. "लोकं कुरकुरतायत म्हणजे लोकं बघतायत. एवढ्याशा वेणीने काय आभाळ कोसळतंय? दाखव इकडे."

योरुन म्हणाली, "नको, राहू दे." पण ती जरा जास्तच पटकन म्हणाली. त्याने आत्याच्या हातातून फोन घेतला आणि दोन बोटांनी चित्र मोठं केलं. आधी वेणी मोठी केली. मग वर सरकला.

वाफल करपल्याचा वास सुटला तरी कोणी हललं नाही. तुरलाइवच्या चेहऱ्यावरचं हसू असं काही उतरलं की आत्याही कोट काढता काढता थांबली.

"योरुन," तो म्हणाला. आवाज अगदी खाली आला होता. "ही इंगविल्द आहे."

"चित्र आहे."

"ही इंगविल्द आहे. डाव्या भुवईतली खाच बघ. मीच पाडली होती ती, स्कीच्या काठीने. ही चाळिशीतली इंगविल्द आहे." त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला. "तुला माहीत होतं?"

खोटं बोलावं असं तिला एक क्षण वाटलं. पण थकली होती ती. सहा आठवडे हे एकटीने पोटात घेऊन हिंडत होती.

"मी नाव लिहिलं नव्हतं," ती म्हणाली. "खरंच सांगते. मी अल्बममधले सगळे फोटो टाकले, चारशेच्या वर. टाकताना कळलं, दर तीन फोटोंतल्या दोनांत तीच आहे. आई तिचेच फोटो काढायची. यंत्राला वाटलं, ह्या घरचा चेहरा म्हणजे हाच. दोनशे चित्रं काढली त्याने, आणि कितीतरी चित्रांत ती होती. बाकीच्यांपैकी एखादं मला निवडता आलं असतं."

"मग?"

"नाही निवडलं."

आत्या मटकन खुर्चीत बसली. आता तिला वेणीचंही कळलं होतं. ह्या दोघांची धाकटी बहीण इंगविल्द गेली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिचा एकही फोटो वेणीवाचून नव्हता. लग्न झालेली बाई काढ म्हटल्यावर यंत्राने रुमाल बांधला खरा, पण तिची वेणी काही त्याला सोडवेना. रुमाल घातलेली इंगविल्द त्याने कुठे पाहिली होती? कोणीच पाहिली नव्हती.

"मेलेल्या माणसाला निजू द्यावं गं," आत्या म्हणाली. मघाचा तोरा कुठल्या कुठे गेला होता. "दुकानात उभं करू नये."

"आत्ताच्या आत्ता काढून टाक," तुरलाइव म्हणाला. "आई बाहेर यायच्या आत. कंपनीला मी बघतो. आणि तू शिवणघराचं नाव काढू नकोस आज. लाज वाटली पाहिजे तुला. दुसऱ्या कोणी केलं असतं तर समजलो असतो. पण तू?"

तो 'तू' कुठे जाऊन लागतो ते त्याला पक्कं ठाऊक होतं. बावीस वर्षांपूर्वी, एप्रिलमध्येच, तळ्यापलीकडच्या गावात नाच होता. इंगविल्दला आठ वाजता गाडीने आणायचं योरुनने कबूल केलं होतं. एकवीस वर्षांची होती ती. एका पोराच्या घरी गप्पा मारत बसली, आठाचे दहा झाले. इंगविल्द वाट बघून कंटाळली आणि गोठलेल्या तळ्यावरून चालत निघाली. बर्फ महिनाभरापूर्वी जाड होतं, तेव्हा नव्हतं.

आईने योरुनला कधीही दोष दिला नाही. एका शब्दानेही नाही. लोक म्हणत, काय मोठ्या मनाची बाई. फक्त त्या दिवसापासून आई शिवणघरात तिच्या शेजारी बसली नाही. आपलं टेबल तिने दुसऱ्या खिडकीपाशी नेलं, उजेड बरा येतो म्हणून. त्या खिडकीत उजेड कमी येतो हे दोघींनाही माहीत होतं.

"काय काढून टाकायचं आहे?"

आस्लॉग दारात उभी होती. पंचाहत्तरी गाठली तरी पाठ सरळ, बोटात अजून अंगुस्तान, गळ्यात दोरीला बांधलेलं शिवणाचं भिंग.

"काही नाही, आई," तुरलाइव उठला. "जाहिरातीत जरा गडबड झालीय. योरुन सुधारतेय. तू बस, वाफल खा."

"करपलेत ते. मला डोळ्यांनी कमी दिसतं, नाकाने आणि कानांनी नाही. मघाशी तू इंगविल्दचं नाव घेतलंस. ह्या घरात कित्येक वर्षांत ते नाव कोणी घेतलेलं नाही. दाखवा काय ते."

"आस्लॉग, तू नको बघूस," आत्या म्हणाली. "ऐक माझं."

"गुन्वोर, पन्नास वर्षं मी तुझंच ऐकतेय, मोज्यांच्या रंगापासून. आज नाही ऐकणार. योरुन, आण."

योरुनने भाऊ आणि आत्या दोघांकडे पाहिलं. मग तिने लॅपटॉप आणला, चित्र पडदाभर मोठं केलं आणि आईपुढे ठेवलं. तुरलाइव खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

आईने भिंग डोळ्याला लावलं. पडद्याच्या इतकं जवळ गेली की नाक टेकायचंच बाकी राहिलं. आधी कपाळ, मग भुवई, मग तोंडाच्या कडेची बारीक सुरकुती, जी इंगविल्दला कधी पडलीच नव्हती. भिंग तिथे फार वेळ थांबलं. योरुनला वाटलं आता ती कोसळेल, किंवा हात उगारेल. हात उगारला असता तर बरंच झालं असतं.

"चुण्या चुकल्यात," आई म्हणाली.

तिने भिंग वर रुमालावर सरकवलं.

"रुमालाला चोवीस चुण्या असतात. इथे किती आहेत? धड मोजताही येत नाहीत. कोणी बांधला हा तिला? आणि ही वेणी काय? लग्न झालंय ना तिचं?"

"आई," तुरलाइव वळला, "ते तिचं चित्र नाहीये. यंत्राने बनवलंय. खोटं आहे. काढून टाकतोय आम्ही."

"हात लावायचा नाही."

"आई, तुला कळत नाहीये—"

"मला कळत नाही? मी जन्म दिलाय तिला." आईचा आवाज चढला नाही, चढला असता तर तुरलाइवला तोंड देता आलं असतं. "तुम्ही सगळ्यांनी तिला एकोणीसची करून ठेवलीत. थडग्यावर एकोणीस, भिंतीवर एकोणीस. मी म्हातारी होत चाललेय आणि माझी मुलगी तिथल्या तिथेच. रोज रात्री मी तिचा चेहरा पुढे न्यायला बघते, तिशीचा, पस्तिशीचा. मला जमत नाही. आता तर जुनाही नीट आठवत नाही. आणि तू म्हणतोस काढून टाक."

आत्या रडत होती. आत्या रडते हे ह्या घरात कोणी पाहिलं नव्हतं; तिला स्वतःलाही त्याचं काय करावं ते समजत नव्हतं, ती बाहीनेच नाक पुसत होती.

"हे देवाला धरून नाही, आस्लॉग," ती म्हणाली. "मी समितीत सांगणार नाही काही. पण हे धरून नाही."

"देवाशी माझं मी बघेन. त्याच्याकडेही माझं थोडं येणं आहे." आईने भिंग खाली सोडलं. "तुरलाइव, तू कंपनीचं ऐकवायला आला होतास ना? नाव विकायचं नाही. शिवणघर योरुनला."

 बावीस वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते असं, करपलेल्या वाफलच्या धुरात, जाता जाता सांगितल्यासारखं येईल असं योरुनला वाटलं नव्हतं.

"ह्या चित्रासाठी?" तुरलाइवने विचारलं. "हिने जे केलं त्याबद्दल बक्षीस?"

"हो," आई म्हणाली. "ह्या चित्रासाठीच."

तो काहीतरी फार कडू बोलणार होता. पण त्याने ते गिळलं, कोट घेतला. आत्याला म्हणाला, चल, सोडतो तुला. दारात त्याने योरुनच्या दंडाला धरलं.

"घेऊ नकोस," तो हळूच म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात हिशेब नव्हता. "माझ्यासाठी नाही म्हणत. कंपनीचं राहू दे, खड्ड्यात गेली कंपनी. पण हे असं घेऊ नकोस. तुला भारी पडेल."

"तुला नाही मिळालं म्हणून बोलतोयस."

"तसं समज," तो म्हणाला, आणि ह्या वेळी बूट घालायला त्याला अजिबात वेळ लागला नाही.

गाडी गेल्यावर घरात दोघीच उरल्या. बाहेर लख्ख उजेड होता आणि छपरावरचं उरलंसुरलं बर्फ टपटपत होतं. योरुन भांडी आवरायला उठली, तर आईने तिला हाक मारली. आईने आपली खुर्ची टेबलाच्या कडेने ओढत ओढत आणली होती आणि योरुनच्या खुर्चीला लावून ठेवली होती.

"बस. ह्याला सांगायचं कसं ते मला दाखव."

योरुन बसली. आईचा खांदा तिच्या खांद्याला टेकला. साबणाचा आणि लोकरीचा तोच वास. योरुनला एकाएकी लहान मुलीसारखं रडू यायला लागलं, ते तिने ओठ चावून परतवलं आणि काय हवंय ते लिहायला घेतलं. वेणी नको. केस रुमालाखाली पूर्ण झाकलेले. यंत्राला मिनिटभर लागलं. वेणी गेली. चुण्यांचं मात्र त्याला काही केल्या जमेना, अठरा आल्या, मग तीस आल्या. शेवटी योरुन आत जाऊन खराखुरा रुमाल घेऊन आली, आईने तो टेबलावर चोवीस चुण्यांनी घडी घालून मांडला, आणि त्याचा फोटो काढून तिने यंत्राला दाखवला.

"आता बघ."

आईने भिंगातून एकेक चुणी मोजली. ओठ हलत होते. चोविसाव्या चुणीला ती थांबली.

"शाब्बास," ती म्हणाली आणि तिने योरुनच्या मनगटावर हात ठेवला. "हात आहे तुझा ह्यात. मला उगाच वाटायचं, तू तिथे बसून वेळ घालवतेस."

कशासाठी मिळतंय, कोणाच्या जीवावर मिळतंय, हे सगळं योरुनला दिसत होतं. तरी तिला सुख झालं. लाज वाटावी इतकं सुख झालं. आई उद्याही इथे बसेल, तिच्या मनात आलं. परवाही बसेल.

"वर्षावर्षाला वय वाढवता येईल का गं हिचं?" आईने विचारलं. "पुढच्या वसंतात बेचाळीस, मग त्रेचाळीस?"

"येईल."

"मी आहे तोवर तरी. शिवणघर तुझं, आणि एवढं माझं."

"हो आई."

आई बराच वेळ चित्राकडे बघत राहिली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. "पण ही अशी एकटीच का उभी आहे? खिडकीत एकटी बाई बरी नाही दिसत. घरचं कोणीतरी शेजारी हवं."

योरुनने लॅपटॉप जवळ ओढला. मग तिने गेल्या उन्हाळ्यातला स्वतःचा फोटो शोधला, बुनादातलाच, अंगणात काढलेला, आणि तो यंत्राला दिला. दोघी बहिणी, खिडकीपाशी, एक रुमालातली, एक बिनरुमालाची. तिने लिहिलं, मोठीचा हात धाकटीच्या खांद्यावर. मिनिटभर दोघी पडद्याकडे बघत बसल्या. चित्र आलं. छान आलं. उजेड सारखा, दोघींची हनुवटी एकसारखी, हातसुद्धा जिथे हवा तिथे बरोबर पडला होता.

आईने भिंग उचललं. इंगविल्दपासून सुरुवात केली, हातावरून हळूहळू सरकत योरुनपाशी आली. तिथे फार वेळ थांबली नाही.

"हिला काढ," ती म्हणाली.

"आई, ती मी आहे."

"कळतंय मला. मी आंधळी नाही झाले अजून." तिने योरुनच्या मनगटावरचा हात काढला नव्हता, उलट थोपटल्यासारखं केलं, पोरीला समजावतात तसं. "एकटी होती तोवर ती जिवंत वाटत होती. तू शेजारी दिसलीस की मला आठवतं, ती नाहीये."

बाहेर कोणीतरी सायकलवरून गेलं. आई वाट बघत होती. तिला घाई नव्हती, रागही नव्हता. पहिल्यांदाच बोलली होती ती, आणि बोलून मोकळी झाल्यासारखी दिसत होती.

योरुनने लिहिलं, मोठी बहीण नको. यंत्राने विचारलं, नक्की का? तिने हो म्हटलं. मिनिटभराने खिडकीपाशी इंगविल्द पुन्हा एकटी उभी होती, आणि आई खुर्ची आणखी थोडी जवळ ओढून म्हणाली, "आता बघ कशी छान दिसतेय."